त्रिशंकू सभागृह आणि आपली यादी



नेरला आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर तासभर चर्चा चालते. दहा-बारा पोरं, दोन-तीन म्हातारे, कधी चार-पाच बाया. विषय ठरलेला नसतो. त्या दिवशी बारावीला असलेल्या एका पोराने हात वर केला आणि विचारलं, "भाऊ, कोणालेच बहुमत नाही भेटलं तं मंग राज्य चालवते कोण? कलेक्टर?"

सगळे हसले. पण हसून झाल्यावर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कारण संविधानावर भाषणं ठोकणाऱ्या आमच्यापैकी कुणालाच याचं धड उत्तर पटकन देता आलं नाही. एक म्हणाला, राष्ट्रपती राजवट लागते. दुसरा म्हणाला, मोठ्या पक्षाला बोलावतात. तिसरा म्हणाला, खोके पोहोचतात अन् सरकार बनते. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. पूर्ण खरं कुणाचंच नव्हतं. म्हणून हा लेख.

अशा सभागृहाला आपण 'त्रिशंकू' म्हणतो. हा शब्द पुराणातून आलेला आहे. रामायणातल्या कथेप्रमाणे त्रिशंकू राजाला शाप देऊन चांडाळ केलं गेलं आणि स्वर्गाच्या दारातून देवांनी त्याला उलटा ढकलला. तो ना वर, ना खाली, असा मध्येच लटकला. बातम्यांमध्ये हा शब्द उच्चारणाऱ्यांना ते आठवत नसेल. आम्हाला मात्र आठवतं. कारण बहुमत कुणालाच नसताना लटकतं कोण, हा आमचा प्रश्न आहे.

संविधान काय सांगते?

आधी सरळ माहिती. लोकसभेत ५४३ जागा आहेत, म्हणून बहुमताचा आकडा २७२. महाराष्ट्र विधानसभेत २८८, म्हणून १४५. पण हे आकडे संविधानात कुठेही लिहिलेले नाहीत. अनुच्छेद ७५ एवढंच सांगतो की पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार राहील. राज्यासाठी तेच अनुच्छेद १६४ मध्ये आहे. आणि अनुच्छेद १०० सांगतो की संसदेत निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. म्हणजे कुणी गैरहजर राहिला, कुणी तटस्थ बसला, तरी पारडं फिरतं. सरकार टिकवायला दरवेळी २७२ लागतातच असं नाही. सरकारच्या विरोधात मत देणारे कमी असले की झालं.

मग आधी कुणाला बोलवायचं? सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात राज्यपालांसाठी क्रम सुचवला होता. पहिला मान निवडणुकीआधी झालेल्या आघाडीला. ती नसेल तर इतरांचा पाठिंबा मिळवलेल्या सर्वांत मोठ्या पक्षाला. त्यानंतर निकालानंतर जमलेली, सगळे घटक सरकारात सामील असलेली आघाडी. शेवटी काही आत आणि काही बाहेरून पाठिंबा देणारे, अशी आघाडी. हा क्रम म्हणजे शिफारस आहे, कायदा नाही. १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट मात्र पक्की केली. बहुमत राजभवनाच्या दिवाणखान्यात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं.

आणि राष्ट्रपती राजवट? ती फक्त राज्यात लागते, अनुच्छेद ३५६ खाली. केंद्रात राष्ट्रपती राजवट नावाची गोष्टच नाही. तिथे जुनं मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून राहतं, नवं येईपर्यंत किंवा नवी निवडणूक होईपर्यंत. तेव्हा त्या पोराला पहिलं उत्तर हे, की बाबा, कलेक्टर राज्य चालवत नाही. खुर्ची रिकामी राहत नाही. पण ती कुणाला मिळणार हे मतपेटीनंतर ठरतं, आणि ठरवणाऱ्यांच्या खोलीत आपण बहुधा नसतो.

'विवेक' नावाची पळवाट

संविधानात आकडा नाही, क्रम नाही. मग उरतो तो राष्ट्रपती-राज्यपालांचा विवेक. या विवेकाचा अनुभव आपल्या लोकांना १९७९ साली आला आहे.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचं सरकार गेलं. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले. पाठिंबा इंदिरा काँग्रेसचा होता, तो निघाला. चरणसिंगांनी लोकसभेला एकदाही सामोरं न जाता २० ऑगस्टला राजीनामा दिला. त्या वेळी लोकसभेतला सर्वांत मोठा गट जनता पक्षाचा होता आणि त्याचे नेते होते बाबू जगजीवनराम. त्यांनी सरकार बनवण्याचा दावा केला. बहुमत सिद्ध करायला सभागृहात एक संधी मिळावी एवढंच त्यांचं मागणं होतं. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी ती संधी दिली नाही. ज्यांनी स्वतः सभागृहाचं तोंड पाहिलं नाही त्या चरणसिंगांचा सल्ला मानून २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली.

बाबू जगजीवनराम यांच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत, आणि आंबेडकरी चळवळीचे त्यांच्याशी कायमच मतभेद राहिले. पण प्रश्न त्यांच्या विचारांचा नाही. बहुमत त्यांच्याकडे होतं की नव्हतं, हे मोजूच दिलं गेलं नाही. देशाला पहिला दलित पंतप्रधान मिळाला असता की नसता, हे सभागृहाने ठरवायचं होतं. ठरवलं एका माणसाने.

आता बाबासाहेबांकडे या. १९४७ साली त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा लिहिला. राज्य समाजवादासाठी तो आपल्याला ठाऊक असतो, पण त्यातला कार्यकारी मंडळाचा भाग आपले कार्यकर्ते फारसे वाचत नाहीत. त्यात बाबासाहेबांनी सुचवलं होतं की पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने एकल संक्रमणीय मताने निवडावा. अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या सभागृहातल्या प्रतिनिधींनी निवडावेत. बहुसंख्याकांतले मंत्री मात्र संपूर्ण सभागृहाने निवडावेत. आणि एकदा निवडलेलं मंत्रिमंडळ सभागृहाची मुदत संपेपर्यंत हटवता येऊ नये.

नीट विचार करा. या पद्धतीत 'त्रिशंकू' हा प्रश्नच उरत नाही. कुणालाच बहुमत नसलं तरी सभागृह मतदान करून पंतप्रधान निवडतं. पसंतीक्रमाची मतं असल्यामुळे लहान गटाचं मतही वाया जात नाही. राष्ट्रपतींचा विवेक नको, पाठिंब्याच्या पत्रांचं बाड नको, रिसॉर्ट नको. १९७९ साली ही तरतूद असती तर जगजीवनराम जिंकले असते किंवा हरले असते, पण मतदानाने.

तो मसुदा स्वीकारला गेला नाही. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संसदीय पद्धतीचं समर्थन केलं. ते करताना त्यांनी स्थैर्य आणि जबाबदारी या दोन कसोट्या ठेवल्या आणि सांगितलं की दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. आपल्या मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. सरकारचा हिशेब पाच वर्षांनी एकदा नाही, तर प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांतून रोजच्या रोज घेतला जावा, हा त्यामागचा विचार.

म्हणून 'स्थिर सरकार पाहिजे, नाहीतर देश बुडेल' असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, स्थिर कुणासाठी? संविधानाच्या शिल्पकाराने स्थैर्याच्या वर जबाबदारीला बसवलं आहे.

अल्पमतातल्या सरकारांनी काय दिलं?

आता महाराष्ट्राचा हिशेब मांडू. १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. आठ निवडणुका. एकाही निवडणुकीत एकाही पक्षाने स्वबळावर १४५ गाठलेले नाहीत. १९९० ला काँग्रेस १४१ वर थांबली, २०१४ ला भाजप १२२ वर, २०२४ च्या लाटेतही भाजप १३२ वर. म्हणजे ज्याला आपण अपवाद समजतो, तो महाराष्ट्रात पस्तीस वर्षांपासून नियम आहे. सगळी सरकारं जोडून-जोडूनच बनली आहेत.

त्याच्याही आधी १९७८ साली असंच झालं. जनता पक्षाला ९९ आणि दोन काँग्रेसना ६९ आणि ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादांचं सरकार केलं. ते पाडून १८ जुलै १९७८ ला शरद पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले. आणि २७ जुलैला, म्हणजे नवव्या दिवशी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. नव्या, डळमळीत, सगळ्यांना बरोबर घ्यायची गरज असलेल्या सरकारने तो केला.

दिल्लीत १९८९ ला काँग्रेस १९७ वर आली. १४३ खासदारांच्या जनता दलाचे व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले. एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डावे, असा बाहेरून पाठिंबा. सरकार अकरा महिने टिकलं. या अकरा महिन्यांत बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचं तैलचित्र लागलं. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रात मिळाला. १९५६ नंतर धर्मांतर केलं म्हणून केंद्राच्या ज्या सवलती गेल्या होत्या, त्या चौतीस वर्षांनी परत आल्या. आणि ७ ऑगस्ट १९९० ला मंडल आयोगाची घोषणा झाली. आज आपल्या भागात रेल्वेत, बँकेत, पोस्टात केंद्राच्या नोकरीवर असलेल्या बौद्ध माणसाने ते अकरा महिने विसरू नयेत.

२००४ ला काँग्रेस १४५, भाजप १३८. डाव्यांचे सुमारे ६० खासदार बाहेरून पाठिंब्याला. त्यांनी एकही मंत्रिपद घेतलं नाही. त्याऐवजी आघाडीने किमान समान कार्यक्रम लिहून घेतला. त्याच सरकारच्या पहिल्या तीन वर्षांत माहितीचा अधिकार, रोजगार हमीचा केंद्रीय कायदा आणि वनहक्क कायदा आला.

आणि अगदी अलीकडचं. २०२४ ला भाजप २४० वर आला. १७ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय लोकसेवा आयोगाने सहसचिव, संचालक, उपसचिव अशा ४५ पदांची थेट भरतीची जाहिरात काढली. आरक्षण नव्हतं. तीन दिवसांत, २० ऑगस्टला, ती मागे घ्यावी लागली. विरोधक ओरडले हे खरं, पण विरोधक २०१८ लाही ओरडले होते. तेव्हा ३०० च्या घरात खासदार असलेल्या सरकारने ऐकलं नव्हतं. या वेळी फरक हा होता की सत्तेतले मित्रपक्षही बोलले.

कांशीरामजी उगाच म्हणत नव्हते की आपल्याला मजबूत नाही, मजबूर सरकार पाहिजे.

इथे आम्ही प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धा हिशेब मांडणं ही आपली रीत नाही. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा आहे, म्हणजे ४०० च्या वर खासदार असलेल्या राजीव गांधी सरकारच्या काळातला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना सुरू झाली ती आपल्याच जिल्ह्यातल्या पुसदच्या वसंतराव नाईकांच्या काळात, आणि त्यांच्या सरकारला भक्कम बहुमत होतं. पण त्याच भक्कम बहुमताच्या काळात, १९७२ मध्ये, अत्याचारांविरुद्ध दलित पँथर उभी करावी लागली. आणि २०१८ ला न्यायालयाच्या निकालाने ॲट्रॉसिटी कायदा पातळ झाला, तेव्हा मजबूत सरकारला कायदा दुरुस्त करायला लावलं ते २ एप्रिलच्या भारत बंदने.

तेव्हा निष्कर्ष एवढाच काढता येतो. मजबूत सरकारला रस्त्यावरून हलवावं लागतं. मजबूर सरकारला सभागृहातूनही हलवता येतं. पण त्यासाठी सभागृहात माणूस पाहिजे आणि त्या माणसाच्या खिशात यादी पाहिजे. आपलं घोडं अडलं आहे ते या यादीपाशी.

चार खासदार, एक मत आणि आपण

१९९८ ची निवडणूक आमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. अकोल्यातून बाळासाहेब आंबेडकर, शेजारच्या अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. चार रिपब्लिकन खासदार, चौघेही खुल्या मतदारसंघातून. आमच्यापैकी एक जण तेव्हा विद्यार्थी होता. निकालाच्या रात्री वस्तीत निळा गुलाल उधळला होता, म्हाताऱ्या बाया ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या, असं तो आजही सांगतो. त्यांतल्या तीन जागा आपल्या विदर्भाच्या होत्या.

ती लोकसभाही त्रिशंकू होती. भाजप १८२ वर. १३ महिन्यांनी जयललितांनी पाठिंबा काढला आणि १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. मायावतींच्या बसपाचे पाच खासदार आयत्या वेळी विरोधात गेले. आपले चौघे विरोधी बाजूलाच होते. देशाचं सरकार एका मताने पडतं आणि आपल्याकडे चार मतं असतात! आंबेडकरी समाजाच्या मताला संसदेत एवढं वजन त्याआधी कधी आलं नव्हतं, नंतरही आलं नाही.

सरकार पाडलं ते बरोबरच केलं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. त्या चार मतांच्या बदल्यात काय मागायचं, हे समाजाने कुठे लिहून ठेवलं होतं? पर्यायी सरकार जमवण्याच्या धावपळीचे ते दिवस होते. त्या दिवसांत टेबलावर ठेवायला आपल्याकडे कोणता कागद होता? गायरान जमिनीचा? शिष्यवृत्तीचा? उपयोजनेच्या निधीचा? आम्ही जुन्या लोकांना विचारलं. "एकी झाली होती ना भाऊ, तेच लय होतं," असं उत्तर मिळालं. पर्यायी सरकार बनलं नाही. पुन्हा निवडणूक लागली. एकी टिकली नाही. चौघांपैकी दोघेच परत लोकसभेत गेले, अकोल्यातून बाळासाहेब आणि पंढरपुरातून आठवले. गवईसाहेब अमरावतीत पडले, कवाडेसर चिमूरमध्ये पडले.

दुसरं उदाहरण बिहारचं. फेब्रुवारी २००५ ला २४३ च्या विधानसभेत राजद ७५, जदयू ५५, भाजप ३७ आणि रामविलास पासवान यांचा लोजप २९. कुणाचंही सरकार पासवानांशिवाय बनत नव्हतं. त्यांनी मुस्लिम मुख्यमंत्र्याची अट घातली आणि अडून बसले. अट वाईट नव्हती. पण ती एकच होती आणि दोन्ही बाजूंना न पेलणारी होती. तिच्या खाली दुसरी, तिसरी, चौथी मागणी नव्हती. सभागृहाची एकही बैठक न होता २३ मे ला विधानसभा बरखास्त झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत २९ चे १० झाले. चावी हातात होती, तोवर कुलूप बदललं.

आणि नामांतराचं काय झालं तेही सांगायलाच हवं. नवव्या दिवशी ठराव झाला, पण त्यात तारीख नव्हती. मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, सरकार मागे हटलं. १९८० च्या फेब्रुवारीत ते बरखास्तही झालं. प्रत्यक्ष नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. ठराव नऊ दिवसांत आणि अंमल साडेपंधरा वर्षांनी. मधल्या काळाची किंमत कुणी मोजली, ते लाँग मार्चला गेलेल्या आपल्या बापांना विचारा.

ही तीन उदाहरणं आम्ही कुणाची उणीदुणी काढायला देत नाही. तिन्हींतून एकच गोष्ट दिसते. मागणी लिहिलेली नसेल, एकच असेल, किंवा तारखेविना असेल, तर अडलेल्या सरकारकडूनही आपल्या पदरात काही पडत नाही. पडलं तर उशिरा पडतं.

एक मत, दोन सरकारं

आता नेरला परत येऊ. नेर, दारव्हा, दिग्रस मिळून आपला दिग्रस विधानसभा मतदारसंघ. २०१९ ला इथून शिवसेनेचे संजय राठोड निवडून आले, भाजपसोबतच्या युतीतून. निकाल आला, भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. पुढचं सगळं आपण टीव्हीवर पाहिलं. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला सकाळी सकाळी शपथ, आणि २६ ला, संविधान दिनीच, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, की उद्या उघड मतदानाने, थेट प्रक्षेपणात बहुमत मोजा. मोजायची वेळच आली नाही, त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. डिसेंबरअखेर आपले आमदार महाविकास आघाडीत मंत्री झाले. जून २०२२ ला शिवसेना फुटली आणि ९ ऑगस्ट २०२२ ला तेच आमदार शिंदे-फडणवीस सरकारात मंत्री झाले.

म्हणजे नेरच्या मतदाराने २०१९ ला एकदा बटण दाबलं आणि त्या एका मतावर एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन सरकारांना मंत्री मिळाला. एका माणसाला दोष देऊन हा विषय संपत नाही. चाळीस आमदार गेले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. २००३ च्या दुरुस्तीने त्यातली एक तृतीयांश फुटीची सवलतही काढली. पण 'आम्ही फुटलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष' असं म्हटलं की कायदा हात चोळत बसतो. न्यायालयाने मे २०२३ मध्ये राज्यपालांचं चुकलं असं सांगितलं, पण राजीनामा आधीच दिला गेला म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही, असंही सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही.

या सगळ्या उलथापालथीत नेरमधल्या आपल्या कुठल्या मागणीची किंमत वाढली? आपण मतदार होतो, दोन्हीकडचे सभेला बोलावत होते, निळे गमछे दोन्ही व्यासपीठांवर होते. पण आपल्या हातात कागद नव्हता. आमदार गेला तर जाब विचारायला 'तुम्ही अमुक लिहून दिलं होतं' असं म्हणायची सोयच नव्हती.

सुरुवात ग्रामपंचायतीपासून

दिल्ली-मुंबई लांब वाटत असेल तर आपलं गाव घ्या. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. एका पॅनलचे चार, दुसऱ्याचे चार आणि राखीव वॉर्डातून आपली एक बाई. सरपंच आता थेट जनतेतून येतो, पण उपसरपंच सदस्यच निवडतात. मग काय होतं, हे सांगायला नको. बाईच्या नवऱ्याला फोन येतो. 'सहलीला चला.' दोन दिवस लॉज, जेवणखाण, देवदर्शन. परत आल्यावर बाई हात वर करते. वस्तीत काय आलं? नाली तशीच, स्मशानभूमीचा रस्ता तसाच. हीच त्रिशंकू लोकसभा आहे, फक्त लहान.

तीच बाई निवडणुकीआधी वस्तीच्या बैठकीत बसली असती, वस्तीने पाच कामं लिहिली असती, दोन्ही पॅनलना ती उघडपणे दिली असती, आणि 'ज्या पॅनलचे सदस्य पहिल्या मासिक सभेत यातली तीन मांडायचं सह्यांनिशी लिहून देतील त्यालाच आमचं मत' असं जाहीर केलं असतं, तर? फोन नवऱ्याला आला नसता, वस्तीला आला असता.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे.

पहिलं, निवडणुकीच्या आधी यादी. सातपेक्षा जास्त मागण्या नकोत. प्रत्येकीसमोर तारीख. उदाहरणार्थ, अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि दुसरीकडे वळवता येणार नाही असा कायदा. आंध्र आणि कर्नाटकने २०१३ मध्येच असे कायदे केले. आपल्याकडे २०२५ मध्ये सामाजिक न्यायाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला आणि त्या खात्याच्या मंत्र्यालाच जाहीर नाराजी बोलून दाखवावी लागली. शिष्यवृत्तीची अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा वाढवणे ही दुसरी. गायरानावर कसणाऱ्यांचे पट्टे ही तिसरी.

दुसरं, पाठिंब्याची भाषा. एक मंत्रिपद, एक महामंडळ, एक विधान परिषद, ही आपल्या पाठिंब्याची किंमत होऊ शकत नाही. मंत्रिपद एका घरात जातं, कायदा सगळ्या घरांत जातो. २००४ च्या डाव्यांकडून एवढं तरी शिकावं.

तिसरं, मागण्यांची उतरंड. पहिली नाही मिळाली तर कुठपर्यंत थांबायचं, कुठल्या मागणीवर मागे हटायचं नाही, हे आधी समाजाने ठरवायचं. नेत्याने रात्री बारा वाजता एकट्याने नाही.

चौथं, गटांची एकी होत नसेल तर नको. पण यादीची एकी करा. आपले सगळे गट वेगवेगळ्या आघाड्यांत असले तरी तोच कागद घेऊन गेले, तर कुणीही सत्तेत आलं तरी कागद सत्तेच्या टेबलावर पोहोचतो. माणसं फोडता येतात, कागद फोडता येत नाही.

कुणी म्हणेल, आपले आमदार-खासदारच निवडून येत नाहीत तर यादी कुणाच्या हातात द्यायची? बरोबर आहे. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीला राज्यात लाखोंनी मतं पडली, पण विधानसभेत एकही जागा आली नाही. पण व्ही. पी. सिंगांच्या काळात तरी लोकसभेत आपलं मोठं बळ कुठे होतं? बौद्धांच्या सवलतीची मागणी चौतीस वर्षं मोर्चांत, निवेदनांत, ठरावांत जिवंत ठेवली गेली होती. गरजू सरकार आलं तेव्हा ती तयार होती. मागणी आधीपासून तयार नसती तर ते अकरा महिनेही तसेच निघून गेले असते.

त्या पोराचा प्रश्न अजून तसाच आहे. कोणालेच बहुमत नाही भेटलं तं मंग राज्य चालवते कोण? आमचं उत्तर असं. जो तयारीने येतो तो चालवतो. कधी पैशाची तयारी असते, कधी माणसं पळवण्याची. आपल्याकडे ती दोन्ही नाहीत, आणि नकोतही. आपली तयारी वहीत होते.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही त्याच पोराला खडू-फळ्यापाशी उभं करणार आहोत. नेरच्या वस्त्यांच्या मागण्या तो लिहील, बाकीचे सांगतील. सातपेक्षा जास्त झाल्या की खोडायला बसू. भांडणं होतील, होऊ द्या. तुमच्या गावातही फळा लावा आणि तुमची यादी आम्हाला पाठवा, जुळवून पाहू.

जय भीम! जय संविधान!